नकाशावरची रेष आणि शाळेचा पैसा : अमेरिकेतल्या शाळांच्या हद्दी आणि कर्जरोख्यांवरचे खटले

आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी आज अमेरिकेत आहे. कुणाचा चाचा न्यू जर्सीत, कुणाची खाला टेक्सासात, कुणाचा मुलगा कॅलिफोर्नियात. फोनवर घराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "घर छान होतं, पण शाळा चांगली नव्हती, म्हणून घेतलं नाही." इकडे बसून ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, घराचा आणि शाळेचा इतका काय संबंध?

संबंध आहे, आणि तो कायद्याने बांधलेला आहे. तिथे तुमचा पत्ता तुमच्या मुलाची सरकारी शाळा ठरवतो. त्या शाळेच्या पैशाचा मोठा हिस्सा त्याच परिसरातल्या घरपट्टीतून येतो. म्हणून नकाशावरची रेष थोडी सरकली तरी मुलांची शाळा बदलते, घरांचे भाव बदलतात आणि लोक कोर्टात जातात. ही व्यवस्था कशी चालते, तिच्यावर कोणते मोठे खटले झाले आणि त्यातून तिथल्या आपल्या कुटुंबांनी काय लक्षात ठेवावं, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

शालेय जिल्हा म्हणजे काय?

तिथला शालेय जिल्हा म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. ती फक्त शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था असते. बहुतेक ठिकाणी तिचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत असे सव्वा लाखाहून अधिक जिल्हे होते. गावोगावच्या छोट्या शाळा एकत्र होत गेल्या आणि आज साधारण १३ हजार जिल्हे उरले आहेत.

हद्दी दोन प्रकारच्या असतात. पहिली, दोन जिल्ह्यांमधली हद्द. ती बदलायची तर राज्याचा कायदा लागतो, आणि तिच्याबरोबर करही बदलतो. दुसरी, एकाच जिल्ह्याच्या आतली हद्द : कोणत्या गल्लीतली मुलं कोणत्या शाळेत जातील ते ठरवणारी. ही रेष जिल्ह्याचं बोर्ड स्वतः आखतं आणि वस्ती वाढली, नवी शाळा झाली किंवा जुनी बंद पडली की पुन्हा आखतं. पालकांचा गोंधळ नेहमी इथेच होतो. दुसऱ्या प्रकारच्या रेषेवर कोर्टात जाऊन जिंकणं फार अवघड आहे, कारण कोर्ट बोर्डाच्या निर्णयात सहसा हात घालत नाही. वांशिक भेदभाव किंवा कार्यपद्धतीचा उघड भंग दाखवता आला तरच तिथे दाद लागते.

कर्जरोखे कशासाठी?

शिक्षकांचा पगार, बस, वीजबिल हा रोजचा खर्च. तो राज्याच्या मदतीतून आणि स्थानिक करातून भागतो. पण नवी इमारत बांधायची, गळकं छप्पर बदलायचं, प्रयोगशाळा उभारायची तर एकरकमी मोठा पैसा लागतो. त्यासाठी जिल्हा कर्जरोखे काढतो. गुंतवणूकदार ते विकत घेतात, आणि जिल्हा पुढची वीस-तीस वर्षं व्याजासह पैसे फेडतो. फेड होते घरपट्टीत वाढ करून. म्हणूनच बहुतेक राज्यांत रोखे काढण्याआधी मतदारांची मंजुरी घ्यावी लागते.

यात एक मेख आहे. जिल्ह्याने किती कर्ज काढावं याला अनेक राज्यांत मर्यादा असते, आणि ती मर्यादा त्या जिल्ह्यातल्या मालमत्तेच्या किमतीवर ठरते. जिथे कारखाने, मॉल, मोठे बंगले आहेत तिथे थोड्या कराने भरपूर पैसा मिळतो. जिथे छोटी घरं आणि गरीब वस्ती आहे तिथे लोकांनी जास्त दराने कर भरला तरी झोळी रिकामीच. म्हणजे रेष कुठे आहे यावर पैसा किती मिळणार हे ठरतं. हद्दीचा वाद आणि पैशाचा वाद मुळात एकच असतो, तो असा.

हद्दीचे तीन खटले

१९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'ब्राऊन' खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर अनेक गावांनी नवा मार्ग शोधला : शाळा वेगळी ठेवता येत नसेल तर जिल्हाच वेगळा करू.

व्हर्जिनिया राज्यातल्या एम्पोरिया शहराने हेच केलं. १९६९ साली कोर्टाने तिथल्या काउंटीच्या शाळा एकत्र करण्याचा हुकूम दिला, आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत शहराने आपली वेगळी शाळा-व्यवस्था जाहीर केली. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी हा बेत रोखला. कोर्टाचं म्हणणं असं की हेतू काय होता यापेक्षा परिणाम काय होणार ते पाहावं लागेल. हद्द बदलल्याने भेदभाव संपवण्याच्या कामात खोडा पडत असेल तर कोर्ट ती थांबवू शकतं.

दोनच वर्षांनी वारं फिरलं. डेट्रॉईट शहरात बहुतेक मुलं काळी आणि आसपासच्या उपनगरांत बहुतेक गोरी. खालच्या कोर्टाने शहर आणि ५३ उपनगरी जिल्हे मिळून एक योजना करायला सांगितली होती. २५ जुलै १९७४ रोजी 'मिलिकन विरुद्ध ब्रॅडली' खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नसताना त्यांच्या हद्दी ओलांडता येणार नाहीत, असं बहुमताचं मत पडलं. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. 'ब्राऊन' खटला वकील म्हणून लढवणारे ते हेच. या निकालाने शालेय जिल्ह्याची हद्द भिंतीसारखी पक्की झाली. शहर सोडून पलीकडे राहायला गेलं की कोर्टाचा हुकूम मागे येत नाही, हे लोकांना कळलं.

तिसरा खटला अलीकडचा. अलाबामात बर्मिंगहॅमजवळच्या गार्डनडेल शहराला जेफरसन काउंटीच्या शाळांतून बाहेर पडायचं होतं. काउंटीने सगळ्यांच्या पैशातून पाच कोटी डॉलरहून जास्त खर्च करून तिथे नवं हायस्कूल बांधलेलं होतं, आणि शहराबाहेरची मुलंही तिथे शिकत होती. शहर वेगळं झालं तर ही इमारत कोणाची आणि तिचा पैसा कोण देणार, हा वादाचा मोठा मुद्दा झाला. २०१७ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी या फुटण्यामागे वांशिक हेतू असल्याचं नोंदवलं, तरी काही अटींवर मर्यादित परवानगी दिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये अपील कोर्टाने तीही काढून घेतली. हेतू वांशिक ठरला असेल तर परवानगी देता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. त्यानंतर शहराने नाद सोडला.

धर्माच्या आधारावर हद्द आखता येते का?

हा प्रश्न आपल्याला जवळचा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

न्यूयॉर्क राज्यात किर्यास जोएल नावाचं गाव आहे. तिथे सातमार पंथाचे कर्मठ ज्यू राहतात. त्यांची बहुतेक मुलं खासगी धार्मिक शाळांत शिकतात. प्रश्न होता अपंग मुलांचा. त्यांना लागणारं खास शिक्षण सरकारी खर्चाने मिळतं, पण १९८५ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे धार्मिक शाळांच्या आवारात ते देणं बंद झालं. मुलांना बाहेरच्या सरकारी शाळेत पाठवावं लागलं. वेगळा पोशाख, वेगळी भाषा, वेगळं वागणं. मुलं घाबरली, आणि आईबापांनी त्यांना घरी बसवलं.

१९८९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तोडगा काढला : गावाच्या हद्दीइतकाच एक स्वतंत्र शालेय जिल्हा. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. एका धार्मिक गटासाठी खास कायदा करून सरकारने त्याच्या हाती सत्ता दिली, उद्या दुसऱ्या गटाने मागितलं तर त्यालाही तेच मिळेल याची काही खात्री नाही, असं कोर्टाचं म्हणणं. विधिमंडळाने कायद्याची भाषा बदलून पुन्हा दोनदा प्रयत्न केला. राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने १९९७ आणि १९९९ मध्ये तेही पाडले. शेवटी सगळ्यांना लागू होईल असे निकष घालून केलेला कायदा टिकला.

यातला धडा साधा आहे. फक्त आमच्यासाठी म्हणून मागितलेली रेष कोर्टात टिकत नाही. सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम करून घेतला, तर अल्पसंख्याकांची गरजही त्यात भागते.

पैशाचा खटला : एका शहरातली दोन टोकं

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन शालेय जिल्हे आहेत. एजवूडमध्ये बहुतेक मेक्सिकन वंशाची गरीब कुटुंबं. मे १९६८ मध्ये तिथल्या हायस्कूलची शेकडो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. इमारत मोडकळीला आलेली, शिकवायला पुरेसे पात्र शिक्षक नाहीत. मुलांच्या मागे पालक उभे राहिले. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज यांच्यासह काही पालकांनी खटला भरला.

१९६७-६८ चे आकडे कोर्टासमोर आले. एजवूडमध्ये दर शंभर डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर होता, तरी त्यातून एका मुलामागे मिळाले फक्त २६ डॉलर. अलामो हाइट्समध्ये कर कमी, म्हणजे ८५ सेंट, पण मिळाले ३३३ डॉलर. राज्य आणि केंद्राची मदत धरून एजवूडच्या मुलावर ३५६ डॉलर खर्च होत होते, तर अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४. गरीब जास्त कर भरत होते आणि कमी घेत होते.

मार्च १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, त्यामुळे ही विषमता दूर करणं राज्यांचं काम, असं बहुमताने म्हटलं.

पालक हरले, पण थांबले नाहीत. केंद्रीय घटनेचं दार बंद झालं तर राज्याच्या घटनेचं दार ठोठावलं. टेक्सासच्या घटनेत कार्यक्षम सार्वजनिक शाळा चालवण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. एजवूडने त्याच आधारावर नवा खटला भरला. ऑक्टोबर १९८९ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने नऊही न्यायाधीशांच्या एकमताने राज्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हा सर्वांत श्रीमंत जिल्ह्यात एका मुलामागे १ कोटी ४० लाख डॉलरची मालमत्ता होती, तर सर्वांत गरीब जिल्ह्यात साधारण २० हजारांची. म्हणजे ७०० पट फरक! पुढे १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांच्या करातला काही भाग गरीब जिल्ह्यांना देणारा कायदा आला. लोक त्याला 'रॉबिन हूड' म्हणतात. १९९५ मध्ये कोर्टाने तो मान्य केला. पहिल्या मोर्चापासून इथवर यायला २७ वर्षं लागली. १९६८ साली वर्ग सोडून बाहेर पडलेल्या मुलांची मुलं तोवर शाळेत जायच्या वयाची झाली होती.

रोख्यांवर मत कोणाला, आणि किती मतं हवीत?

पूर्वी अनेक राज्यांत शाळेच्या किंवा रोख्यांच्या मतदानात फक्त मालमत्ताधारकांना मत होतं. भाडेकरूंचं म्हणणं कुणी विचारत नव्हतं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जिल्ह्यातला प्रश्न सुप्रीम कोर्टात आला. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या एका अविवाहित तरुणाला शाळेच्या निवडणुकीत मत नाकारलं होतं, कारण त्याच्या नावावर घर नाही आणि त्याला मूलही नाही. कोर्टाने तो नियम रद्द केला. १९७० मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या खटल्यात घरपट्टीतून फेडायच्या रोख्यांसाठीही हेच लागू झालं : भाडेकरूही भाड्यातून कराचा भार उचलतो, त्यामुळे त्यालाही मत आहे.

पण किती मतं मिळाली की रोखे मंजूर, हा प्रश्न वेगळा. वेस्ट व्हर्जिनियातल्या रोन काउंटीत १९६८ मध्ये शाळेच्या इमारतींसाठी रोख्यांवर मतदान झालं. ५१ टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली, तरी प्रस्ताव पडला, कारण तिथे ६० टक्के लागत होते. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही अट वैध ठरवली. कर्जाचा बोजा पुढच्या पिढ्यांवर पडतो, म्हणून राज्य जास्त मतांची अट घालू शकतं.

त्यामुळे आज राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. आयडाहोत दोन तृतीयांश मतं लागतात, वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के. कॅलिफोर्नियातही दोन तृतीयांशची अट होती. नोव्हेंबर २००० मध्ये तिथल्या मतदारांनी ती शाळांसाठी ५५ टक्क्यांवर आणली. पण सोबत अटी घातल्या : कोणती कामं करणार त्याची यादी आधी द्यायची, पैसा पगारावर खर्च करायचा नाही, दर वर्षी हिशेब तपासणी करायची आणि नागरिकांची देखरेख समिती नेमायची.

इमारत बांधणं कोणाची जबाबदारी?

रोखे पडले आणि छप्पर गळतंच राहिलं तर मुलांनी कुठे जायचं? यावर तीन राज्यांच्या कोर्टांनी वेगवेगळी उत्तरं दिली.

ॲरिझोनाच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये सांगितलं की इमारतींचा खर्च स्थानिक मालमत्तेवर आणि रोख्यांवर सोडणारी पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही. त्यानंतर १९९८ मध्ये राज्याला नवा कायदा करावा लागला.

न्यू जर्सीत 'ॲबट विरुद्ध बर्क' हा खटला अनेक वर्षं चालला. मे १९९८ च्या निकालात गरीब शहरी जिल्ह्यांच्या शाळाबांधणीचा सगळा मंजूर खर्च राज्याने उचलावा असं ठरलं. अशा ३१ जिल्ह्यांत जर्सी सिटीही आहे. आपल्याकडची अनेक माणसं त्या भागात राहतात, त्यांनी हे जरूर माहीत करून घ्यावं.

वॉशिंग्टन राज्यात मात्र उलट घडलं. वाकायाकम हा नदीकाठचा छोटा, गरीब जिल्हा. मतदार रोखे मंजूर करत नाहीत, म्हणून बांधकामाचा खर्च राज्याने द्यावा अशी त्याने मागणी केली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली. घटनेतली शिक्षणाची जबाबदारी इमारतींच्या पूर्ण खर्चाला लागू होत नाही, ती राज्य आणि स्थानिक लोकांनी मिळून उचलायची आहे, असं कोर्टाने म्हटलं.

तिकडे राहणाऱ्या कुटुंबांनी काय लक्षात ठेवावं

घर घेण्याआधी शाळा कोणती ते थेट जिल्ह्याच्या कार्यालयाकडून विचारून घ्या. दलालाच्या जाहिरातीवर विसंबू नका. हद्द बदलायची चर्चा चालू आहे का, तेही विचारा.

खोटा पत्ता देऊ नका. आपल्याकडे 'मामूच्या पत्त्यावर फॉर्म भरला' असं सहज म्हणतात. तिथे हा गुन्हा ठरू शकतो. ओहायो राज्यात २०११ मध्ये एका आईला मुलींच्या शाळेसाठी खोटी कागदपत्रं दिल्याबद्दल तुरुंगात राहावं लागलं. पुढे राज्यपालांनी तिच्यावरचा ठपका सौम्य केला, पण घराला जो हादरा बसायचा तो बसलाच.

व्हिसा किंवा कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेक्सासच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. घरी अम्मीला किंवा दादीला इंग्रजी येत नसेल, तर महत्त्वाची माहिती त्यांना समजेल अशा भाषेत देणं ही जिल्ह्याची जबाबदारी आहे. दुभाषी मागायला संकोच करू नका.

हद्द बदलण्याआधी बोर्ड नकाशे जाहीर करतं आणि सुनावणी घेतं. तिथे बोलायला सहसा नागरिकत्व लागत नाही. निर्णय झाल्यावर कोर्टात जाण्यापेक्षा निर्णयाआधी सभेत दोन मिनिटं बोलणं जास्त उपयोगाचं. शेवटच्या वर्षातल्या मुलांना जुन्याच शाळेत राहू द्या, भावंडांची ताटातूट करू नका, अशा मागण्या बोर्डं अनेकदा मान्य करतात.

रोख्यांवर मत मात्र साधारणपणे नागरिकांनाच असतं. म्हणून ज्यांना नागरिकत्व मिळालं आहे त्यांनी मतदार यादीत नाव घालून घ्यावं. मतपत्रिकेवर कर किती वाढणार आणि पैसा कशावर जाणार ते वाचावं. निकालाला आव्हान द्यायचं असेल तर मुदत फार कमी असते, वकिलाला लगेच गाठावं.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात शाळेच्या इमारतीसाठी मतदान होत नाही. पण रेषेचा वाद आपल्यालाही नवा नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांसाठी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागांतून सूट. शहरांत एवढ्या अंतरात अशी शाळा बहुतेक ठिकाणी असतेच. म्हणजे कागदावर हक्क राहिला, पण एका किलोमीटरच्या रेषेने तो हिरावला. पालक आणि संघटना मुंबई हायकोर्टात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलैमध्ये हायकोर्टाने हा बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला.

एजवूडच्या पालकांना २७ वर्षं लागली, आपल्याकडच्या पालकांना काही महिने. फरक कायद्याचा आहे. आपल्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला आहे, तिथल्या केंद्रीय घटनेत नाही. हा हक्क किती मोलाचा आहे ते एजवूडची कहाणी वाचल्यावर कळतं. म्हणून पुढच्या वेळी वॉर्डात शाळा बंद करण्याची, हलवण्याची किंवा एखादा नियम बदलण्याची नोटीस लागली, तर ती वाचा, मोहल्ल्यात चार जणांना सांगा आणि हरकतीची तारीख लिहून ठेवा.